आधी ब्रेक, मग पिकअप

वेगवान गाडी हातात आली की पहिला खर्च सायलेन्सरवर होतो. दुसरा रिमॅपवर, तिसरा अलॉयवर. मग रॅप, मग मागचा पंख. ब्रेक ऑइल कधी बदललं असं विचारा, समोरचा गप्प होतो. टायर कुठल्या सालचे असं विचारा, ‘अजून भरपूर नक्षी आहे’ असं उत्तर येतं. आपण साल विचारलेलं असतं.

हा क्रम उलटा आहे. ताकद वाढवण्याआधी गाडी थांबली पाहिजे, रस्ता धरून राहिली पाहिजे आणि तापली तरी टिकली पाहिजे. ज्याला हे पटत नाही त्यानं स्पोर्ट्‌स कार घेऊच नये, इतकं माझं मत ठाम आहे. या गाड्यांशी माझं वैर नाही. पोर्श 911 च्या मागच्या बाजूला बसवलेलं आडव्या सहा सिलिंडरचं इंजिन माणसाच्या हातून घडलेल्या उत्तम वस्तूंपैकी एक आहे, आणि उत्तम वस्तूची आबाळ बघवत नाही. शिवाय ही आबाळ रस्त्यावरच्या दुसऱ्या कुणाच्या तरी जिवावर बेतू शकते.

30 नोव्हेंबर 2013 ची कॅलिफोर्नियातली घटना आठवा. सांता क्लॅरिटा इथं एक पोर्श करेरा जीटी रस्ता सोडून खांबाला आणि झाडांना धडकली आणि पेटली. चालवणारे रॉजर रोडास आणि शेजारी बसलेला नट पॉल वॉकर, दोघंही गेले. ‘फास्ट अँड फ्युरियस’मुळे वॉकर आपल्याकडच्या पोरांना घरचा वाटायचा, त्यामुळे ही बातमी गावोगाव पोचली. तिच्यातला महत्त्वाचा भाग मात्र पोचला नाही. करेरा जीटी म्हणजे 5.7 लिटरचं दहा सिलिंडरचं इंजिन, सहाशेच्या वर अश्वशक्ती, हातानं टाकायचे गिअर, आणि गाडी आडवी होऊ लागली तर सावरून घेणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा नाही. 45 मैलांची, म्हणजे साधारण 72 किलोमीटरची मर्यादा असलेल्या रस्त्यावर ती ताशी 129 ते 150 किलोमीटरच्या दरम्यान वेगानं जात होती. अपघाताचं कारण वेग हेच तपास यंत्रणांनी ठरवलं. पण त्याच तपासात आणखी दोन गोष्टी नोंदल्या गेल्या. टायर नऊ वर्षांचे झालेले होते आणि त्याचा गाडीच्या पकडीवर परिणाम झाला असावा. आणि गाडीला बाजारातला वेगळा एक्झॉस्ट बसवलेला होता.

एक्झॉस्ट बदललेला, टायर जुने. मला जे सांगायचं आहे ते या एका ओळीत आहे.

टायरचं वय बघायला मेकॅनिक लागत नाही. टायरच्या बाजूवर ‘डॉट’ या अक्षरांनंतर एक लांबलचक क्रमांक असतो. त्यातले शेवटचे चार आकडे म्हणजे टायरचा जन्मदाखला. 2319 असेल, तर 2019 सालचा तेविसावा आठवडा. कधी कधी हे चार आकडे टायरच्या आतल्या बाजूला येतात, मग जमिनीवर आडवं होऊन मोबाइलची बॅटरी मारावी लागते. मारा. रबर न चालताही म्हातारं होतं. ऊन, उष्णता आणि हवेतला ऑक्सिजन त्याला कडक करत नेतात. वरून नक्षी जशीच्या तशी दिसते, आतली पकड गेलेली असते. बऱ्याच मोटार कंपन्या सहा वर्षांनी टायर बदला म्हणतात, टायर बनवणाऱ्यांची शेवटची मर्यादा दहा वर्षांची असते. पाचशे अश्वशक्तीच्या गाडीला मी पहिला आकडा लावीन, दुसरा नाही.

नक्षीचंही तेच. कायद्याला 1.6 मिलिमीटर खोली चालते. नवा टायर सात-आठ मिलिमीटरचा असतो. स्पोर्ट्‌स कारचे टायर रुंद असतात आणि रुंद टायर साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगतो. ताम्हिणी घाटात जुलैच्या पावसात कायदा पाळणारा पण गुळगुळीत व्हायला आलेला टायर कितपत कामाचा, याचा विचार करा. ट्रॅकसाठीचे अर्धे गुळगुळीत टायर घालून पावसाळ्यात सहलीला निघणाऱ्यांना तर कुणीतरी घराच्या दारातच अडवायला हवं.

समृद्धी महामार्गानं हा प्रश्न विदर्भ-मराठवाड्याच्याही दारात आणला आहे. 701 किलोमीटरचा हा रस्ता जून 2025 मध्ये पूर्ण खुला झाला. गाड्यांना ताशी 120 ची मर्यादा आहे. मे महिन्याचं ऊन, खाली तापलेलं काँक्रीट आणि तासन्‌तास एकच वेग. अशा वेळी हवा कमी असलेला टायर प्रत्येक फेऱ्याला जास्त दबतो, त्या दबण्यानं आतून तापतो आणि शेवटी फुटतो. हवा गाडी थंड असताना तपासायची असते, निघण्यापूर्वी, स्वतःच्या गेजनं. हे काम फुकटात होतं. बहुधा म्हणूनच त्याला अपग्रेड म्हणत नाहीत.

आता ब्रेक. दीड टनाची गाडी ताशी 200 किलोमीटर वेगात असते तेव्हा तिच्यात साधारण 23 लाख ज्यूल ऊर्जा असते. सात लिटर पाणी उकळीला आणायला एवढी ऊर्जा पुरते. तुम्ही जीव खाऊन ब्रेक दाबलात, तर सहाएक सेकंदांत ती जवळजवळ सगळी चार डिस्कमध्ये उष्णता बनून शिरते. आणि ही ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते. 100 वरून 140 वर गेलात, तर ती दीडपट होत नाही, जवळजवळ दुप्पट होते. ताकद विकणाऱ्या प्रत्येक दुकानात हा हिशेब भिंतीवर लावून ठेवला पाहिजे.

ही उष्णता डिस्कमधून पॅडमध्ये, पॅडमधून कॅलिपरमध्ये आणि तिथून ब्रेक ऑइलमध्ये जाते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. ते त्याच्या रसायनातच आहे, कुठल्याही कंपनीचं घ्या. नवं डॉट 4 ऑइल किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात 3.7 टक्के पाणी मुरलं, की हीच हमी 155 अंशांवर येते. मुंबईच्या आणि कोकणच्या हवेत पाणी मुरायला काय लागतं! मग एखाद्या दिवशी घाट उतरताना किंवा ट्रॅकवर कॅलिपर तापतो, ऑइल उकळतं आणि नळ्यांत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दबत नाही, वाफ दबते. पेडल थेट खालच्या मॅटला टेकतं आणि गाडी तशीच पुढे जात राहते. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटची मागची सरळ पट्टी किलोमीटरभराहून लांब आहे. तिच्या टोकाला पाय दाबल्यावर खाली काहीच लागलं नाही, तर त्या क्षणी तुमच्या रिमॅपचा आणि पंखाचा काडीचाही उपयोग नसतो.

ब्रेक ऑइल बदलण्याचं काम एकदा उभं राहून बघा. एक जण सीटवर बसून पेडल दाबतो. दुसरा चाकामागे बसतो, कॅलिपरच्या निपलला पारदर्शक नळी लावतो, नळीचं दुसरं टोक बाटलीत सोडतो आणि पान्यानं निपल जरासं सैल करतो. ‘दाब. धरून ठेव. सोड.’ नळीत आधी काळपट तपकिरी ऑइल येतं, मग एखाददुसरा बुडबुडा, मग स्वच्छ पिवळसर धार. वरची टाकी रिकामी पडू नये म्हणून मध्येच उठून ती भरायची. चारही चाकांना हेच. बाहेरच्या चांगल्या गॅरेजमध्ये मजुरीसकट हे काम पेट्रोलच्या एका टाकीपेक्षा कमी पैशांत होतं. दर दोन वर्षांनी करा. ट्रॅकवर जाणार असाल, तर जाण्याआधी कराच. त्यानंतर पॅड बघा, मग डिस्क. मोठे रंगीत कॅलिपर सगळ्यात शेवटी.

महागड्या गाड्यांना कार्बन-सिरॅमिक डिस्क असतात. पोर्शमध्ये पिवळे कॅलिपर ही त्यांची खूण. या डिस्कची कड चाकाचा फटका बसला तर टवका उडण्याइतकी ठिसूळ असते. म्हणून चाक काढताना बोल्टच्या भोकांत मार्गदर्शक पिना आटवायच्या असतात, म्हणजे चाक सरळ बाहेर येतं, तिरकं होऊन डिस्कवर आदळत नाही. पंक्चर झालं म्हणून हायवेवरच्या पहिल्या दुकानात गाडी लावणाऱ्यानं तिथल्या पोराला हे सांगितलं पाहिजे. त्याला माहीत नसेल तर दोष त्याचा नाही, गाडी त्याची नाही. डिक्कीत त्या पिना ठेवणं मालकाचं काम आहे.

रिमॅपबद्दल लोक फार हळवे आहेत, म्हणून जरा सविस्तर. लॅपटॉप जोडतात, इंजिनाच्या संगणकातले आकडे बदलतात, टर्बोचा दाब वाढतो, ठिणगी थोडी आधी पडते. टर्बो इंजिनाची ताकद यानं खरंच वाढते, हे नाकारायचं कारण नाही. पण ती ताकद पुढे गिअरबॉक्समधून जायची असते. आपल्याकडच्या स्कोडा ऑक्टेव्हिया 1.8 टीएसआयचं उदाहरण घ्या. इंजिन 180 अश्वशक्तीचं, टॉर्क मात्र नेमका 250 न्यूटन मीटरवर रोखलेला. कारण तिच्यातला सात गिअरचा, कोरड्या क्लचचा डीएसजी गिअरबॉक्स 250 न्यूटन मीटरसाठीच बनवलेला आहे. इंजिनात आणखी दम आहे हे कंपनीच्या अभियंत्यांना माहीत होतं, त्यांनी तो जाणूनबुजून बांधून ठेवला. ‘स्टेज वन’वाला ती गाठ सोडतो आणि टॉर्क तीनशेच्या पलीकडे नेतो. मग क्लच घसरायला लागतात आणि मालक चारचौघांत सांगतो की डीएसजी बेकार. डीएसजी बेकार नाही. त्याच्यावर झेपणार नाही एवढं ओझं टाकलेलं आहे. ऑक्टेव्हिया आरएस 230 मध्ये ओल्या क्लचचा सहा गिअरचा डीएसजी येतो, तो जास्त सोसतो. पण त्याचंही तेल आणि फिल्टर 60,000 किलोमीटरला बदलायचं असतं. रिमॅप केलेल्या गाडीला त्याही आधी. किती जण करतात?

पेट्रोलचाही विचार व्हायला हवा. परदेशात लिहिलेले रिमॅपचे बरेच नकाशे 98 ऑक्टेनचं पेट्रोल धरून लिहिलेले असतात. आपल्या पंपावर वर्षानुवर्षं 91 मिळत होतं. इंडियन ऑइलनं डिसेंबर 2020 मध्ये एक्सपी100 आणलं, पहिल्या दहा शहरांत मुंबई आणि पुणे होती. पण सहलीला निघालेल्या गाडीला प्रत्येक तालुक्याच्या गावी ते मिळेल या भरवशावर राहता येत नाही. ऑक्टेन कमी पडलं की सिलिंडरमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण वेळेआधी, वेडंवाकडं पेटतं. इंजिनावरचा नॉक सेन्सर ते ऐकतो आणि संगणक ठिणगी मागे घेतो. म्हणजे विकत घेतलेली ताकद गेली, वर एक्झॉस्टची उष्णता वाढली. हे वारंवार झालं तर पिस्टनच्या रिंगांमधल्या कडा तुटतात आणि इंजिन खोलावं लागतं. रिमॅप करायचाच असेल, तर करणाऱ्याकडे एकच गोष्ट मागा: आपल्या पंपावरच्या पेट्रोलवर, भर उन्हाळ्यात, याच इंजिनावर घेतलेल्या नोंदी. त्या नसतील तर तिथून उठा.

खरं अपग्रेड बहुतेक वेळा कुणाला दिसत नाही. 1997 मध्ये आलेल्या, पाण्यानं थंड होणाऱ्या पहिल्या 911 चं बघा. टर्बो आणि जीटी3 सोडून तिच्या इंजिनात एक मधला शाफ्ट आहे आणि त्याच्या क्लचकडच्या टोकाला एक छोटं बेअरिंग. ते गेलं की त्याचे तुकडे तेलात फिरतात, टायमिंग हलतं आणि संपूर्ण इंजिन भंगारात जातं. अमेरिकेत यावरून ग्राहकांनी सामूहिक दावा लावला आणि 2013 मध्ये 2001 ते 2005 च्या मॉडेलांबाबत तडजोड झाली. पुढे 2009 च्या मॉडेलांपासून नव्या रचनेच्या इंजिनात पोर्शनं तो शाफ्टच काढून टाकला. अशी जुनी 911 घेणारा जाणकार मालक क्लच बदलायला गिअरबॉक्स उतरवतो तेव्हाच हे बेअरिंग मजबूत जातीचं बसवून घेतो. बाहेरून काही कळत नाही, आवाज बदलत नाही, इन्स्टाग्रामवर टाकायला फोटो मिळत नाही. पण गाडी वाचते. अशा मालकाला मी गाडीवेडा म्हणतो.

‘आठ वर्षांत फक्त नऊ हजार किलोमीटर, अगदी नव्यासारखी.’ सेकंड हँड बाजारातलं हे वाक्य ऐकलं की लोक भुलतात. मी सावध होतो. टायर, ब्रेक ऑइल, कूलंट, रबरी बुश, बॅटरी यांचं वय कॅलेंडरनं मोजायचं असतं, म्हणून तर सर्व्हिसच्या पुस्तकात ‘इतके किलोमीटर किंवा इतके महिने, जे आधी होईल ते’ असं छापलेलं असतं. उभ्या गाडीचे टायर एका जागी चपटे होतात. इंजिन तापेपर्यंत न चालवता नुसतं सुरू करून बंद केलं की तेलात पाणी आणि पेट्रोल साचत जातं. तळघरातले उंदीर वायरी कुरतडतात. अशा गाडीपेक्षा पन्नास हजार किलोमीटर चाललेली, प्रत्येक सर्व्हिसचं बिल असलेली गाडी घ्या.

आणि सकाळी सहा वाजता सोसायटीत गाडी सुरू करून जागेवर रेस देणं बंद करा. शेजाऱ्यांची झोप हा एक भाग झाला. इंजिनाचं काय होतं ते बघा: पाण्याचा काटा काही मिनिटांत मध्यावर येतो, तेल तापायला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. थंड, जाड तेल असताना फेरे वर नेले की बेअरिंगवरची तेलाची पातळ चादर नीट धरत नाही. तेलाचं तापमान दाखवणारा काटा या गाड्यांमध्ये उगाच दिलेला नाही.

निसान जीटी-आरची गोष्टही ध्यानात ठेवण्यासारखी आहे. अमेरिकेत सुरुवातीच्या गाड्यांचे मालक स्थैर्य नियंत्रण बंद करून लाँच कंट्रोलनं जागेवरून झपकन सुटायचे. काही जणांचे गिअरबॉक्स तुटले आणि वॉरंटी नाकारल्यावरून मोठा गदारोळ झाला. पुढे निसाननं सॉफ्टवेअर बदललं आणि सुटतानाचे इंजिनाचे फेरे साडेचार हजारांवरून सुमारे तीन हजारांवर आणले. हे सगळं कारखान्यातून आलेल्या गाडीच्या बाबतीत झालं. बाहेरून ताकद वाढवलेल्या गाडीनं सिग्नलवर असं सुटताना आपण काय मागतोय, हे मालकानं स्वतःला विचारावं.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी 2019 चा निकाल, दोन्हींचा सूर एकच आहे: कंपनीनं मंजूर करून घेतलेल्या मूळ रचनेला बाधा येईल असा बदल चालणार नाही. परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. न कळवलेला बदल विम्याच्या दाव्यात आडवा येतो तो वेगळाच. ब्रेक ऑइल, चांगले पॅड, त्याच मापाचे उत्तम टायर, नवे बुश, वेळेवर तेल यांतलं काहीही कायद्यात अडकत नाही. गाडी खरोखर सुधारणारी जवळजवळ प्रत्येक गोष्ट कायदेशीर आहे.

19 मे 2024 च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला पोर्शच्या धडकेत दोन तरुण अभियंते गेले. ते प्रकरण न्यायालयात आहे आणि त्याची कारणं वेगळी आहेत. पण त्या गाडीची कायम नोंदणीच झालेली नव्हती, 1,758 रुपयांचं शुल्क भरायचं राहिलं होतं, हे तेव्हा परिवहन खात्यानं सांगितलं. तेव्हापासून रस्त्यावरचा माणूस प्रत्येक बुटक्या, मोठ्या आवाजाच्या गाडीकडे रागानं बघतो. त्याचा राग रास्त आहे. ज्यांना या गाड्या मनापासून आवडतात, त्यांनी तो राग कमी होईल असं वागायचं आहे. मर्यादेत चालवा, वेग हवा असेल तर ट्रॅकवर जा, आणि गाडी अशी ठेवा की रस्त्यात मूल आडवं आलं तर ती जागच्या जागी थांबली पाहिजे.

तुमच्याकडे अशी गाडी असेल, तर या रविवारी ती धुण्याआधी चारही टायरची सालं वहीत लिहा. ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं ते सर्व्हिसच्या कागदांत शोधा. कागद सापडला नाही तर बदललेलंच नाही असं धरा आणि सोमवारी गॅरेजला फोन करा. रिमॅपची वेळ घेऊन ठेवली असेल, तर ती पुढे ढकला.